ओवाळणीत दिलेला शब्द

आधी तिचं सांगतो, मग काय झालं ते. मला वाचवलं ते नेपाळातल्या एका चहावाल्या बाईनं. तिच्या म्हाताऱ्या वडिलांचाही हात होता, पण मुख्य ती. बुटवल सोडून पाल्पाकडे डोंगर चढायला लागलं की एका वळणावर तिचं मातीचं घर होतं. खाली चहाचं दुकान, वर माळ्यावर निजायची जागा. तिचं नाव मला ठाऊक आहे, वडिलांचं आहे, त्यांच्या शेळीचंही आहे. इथे एकही लिहीत नाही. कारण मी तिच्या भावाची गोष्ट सांगणार आहे आणि ती गोष्ट अजून तिलाच सांगायची राहिली आहे.

मी रत्नागिरी जिल्ह्यातला. सातवीत शाळा सुटली. गुरुजींची भीती आणि घरची ओढाताण, दोन्ही मिळून सुटली. आमच्याच तालुक्यातल्या एका फौजी साहेबांची चंदीगडला बदली झाली, तेव्हा त्यांच्याकडे स्वयंपाकाला म्हणून आलो. साहेबांची मुदत संपली, ते आसामकडे गेले. वहिनीसाहेबांनी जाता जाता मला सेक्टर ३९ मधल्या एका सरकारी संशोधन संस्थेच्या होस्टेलवर, मेसमध्ये चिकटवून दिलं. त्यांचे उपकार वेगळे. सातवी पास नसलेल्या माणसाला शास्त्रज्ञांच्या घरात उभं केलं, मग ते चुलीपुढे का असेना.

ते पंजाबातले दहशतवादाचे वाईट दिवस. चंदीगड तसं शांत म्हणायचे, पण ती शांतता अंधार पडायच्या आत दुकानांची शटरं ओढून मिळवलेली होती. चौकाचौकात वाळूची पोती, बसमध्ये चढलं की आधी सीटखाली बघायचं, कुणाची बेवारशी पिशवी दिसली की उतरून जायचं. मी मुळात घाबरट. आई गावाहून कुणाकडून तरी लिहवून घ्यायची की पोरा, परत ये. मी कळवायचो, इथे काही नाही, सगळं ठीक आहे. आणि रात्री दाराला आतून पाट्याचा दगड लावून झोपायचो.

अशात दिवाळी आली. मेस बंद होणार होती. संस्थेतली आणि युनिव्हर्सिटीतली काही मराठी कुटुंबं, त्यांच्या शेजारची दोन-चार पंजाबी कुटुंबं, सगळ्यांनी मिळून नेपाळला जायची बस ठरवली. एक निवृत्त गृहस्थ पुढाकार घेत होते, त्यांना सगळे काका म्हणत. ते मेसच्या मागच्या दारी येऊन मला म्हणाले, "अरे, आमच्या बायकांना वरणभाताशिवाय काठमांडू दिसणार नाही. येतोस का स्टोव्ह घेऊन?"

मी विचारलं, "पासपोर्ट लागतो ना काका, परदेशात जायचं म्हणजे?"

"नेपाळला कसला पासपोर्ट? तू फक्त हिंग विसरू नको."

बस एका सरदारजींची होती, तेच चालवायचे. मी त्यांना पाजी म्हणायचो, ते मला 'ओय मराठे'. मोठा थट्टेखोर माणूस. माझ्या डाळीत गूळ असतो हे पहिल्या दिवशी कळल्यावर म्हणाले, "मराठे, ही डाळ आहे की प्रसाद? खाऊ की डोक्याला लावू?"

पण उत्तर प्रदेशात शिरलो आणि पाजी गप्प व्हायला लागले. एका गावातल्या धर्मशाळेत काकांनी आधी पत्र टाकून जागा ठरवली होती. मुनीमजींनी बाहेर येऊन बसची नंबरप्लेट वाचली, पाजींच्या पगडीकडे पाहिलं आणि म्हणाले, "जगह नहीं है." काका भांडले. एक काकू पुढे होऊन म्हणाल्या, "अहो, हम लोग मराठी हैं, पंजाबी नहीं." त्या असं म्हणाल्या तेव्हा पाजी तिथेच टायरला पाय लावून उभे होते. त्यांनी ऐकलं. मग ते बसमध्ये जाऊन काच पुसायला लागले, आधीच स्वच्छ होती ती. जागा मिळाली नाहीच. बसमध्ये बसल्या बसल्या झोपलो. दुसऱ्या गावातही तेच. तिसऱ्या ठिकाणी पोलिसांनी सगळं सामान उतरवलं, माझ्या पिठाच्या डब्यातसुद्धा काठी घालून पाहिली. आपल्याच देशात आपण चोरासारखे चाललोय, असं काका म्हणत राहिले.

सोनौलीला हद्द ओलांडली. मला वाटलं होतं परदेश म्हणजे काहीतरी निराळं दिसेल. तसाच चिखल, तशाच रिक्षा. पण भैरहव्यात ज्या लॉजवर थांबलो, त्याचा मालक दारात आला, त्यानंही नंबरप्लेट वाचली. तो म्हणाला, "चंदीगड? एवढ्या लांबून? दमला असाल." मग पाजींकडे वळून म्हणाला, "सरदारजी, पगडी सुखानी हो तो छत पे तार बंधा है. लंबा है, पूरी आ जाएगी."

पाजी वर जाऊन पगडी धुऊन वाळत घालून आले. मी भाजी चिरत होतो, माझ्याजवळ बसले. म्हणाले, "यार मराठे, दोन दिवसांत पहिल्यांदा कुणीतरी मला तार दाखवली."

दुसऱ्या दिवशी डोंगर लागला आणि माझं पोट बिघडलं. रस्त्यातलं कुठलं तरी पाणी बाधलं असणार. आधी बस थांबवायला सांगायची लाज, मग थांबवून थांबवून लाज उरली नाही, मग ताप भरला आणि शुद्धच धड राहिली नाही. त्या वळणावर बस थांबली ती माझ्यासाठीच. मला चहाच्या दुकानातल्या बाकावर निजवलं. बसायलाही जमत नव्हतं. पोखऱ्याला पोचायचं होतं, बसमध्ये लहान मुलं, म्हातारी माणसं. काका आणि पाजी बाजूला होऊन बोलत होते, ते मला सगळं ऐकू येत होतं.

ती बाई चूल फुंकत होती. न विचारता म्हणाली, "यहीं छोड़ दो. लौटते में ले जाना."

काका म्हणाले, "दिदी, आठवडा तरी लागेल आम्हाला."

"तो लगने दो. ये कहीं भागनेवाला है क्या, इस हालत में?"

बस गेली. तिचा आवाज वळणावळणानं कमी होत गेला, ते मी मोजत राहिलो, आणि रडलो. गावाहून चंदीगडला आलो तेव्हा घर सुटलं होतं, आता चंदीगडही सुटलं. ते परत आले नाहीत तर? मी मेलो तर यांना माझं गावही माहीत नाही. तिनं रडताना पाहिलं असावं. येऊन बाकाशी बसली, माझं नाव विचारलं, गावाचं नाव विचारलं, मग आईचं नाव विचारलं. तिन्ही एकदा घोकून घेतली आणि वडिलांना ऐकवली. मग म्हणाली, "अब? अब तो पता है ना हमें. अब रो मत."

चंदीगडात येऊन मला वर्षं झाली होती. आईचं नाव मला कुणी विचारलं नव्हतं.

तिच्या वडिलांनी खालच्या गावातून दवाखान्यातल्या कंपाउंडरला आणलं. त्यानं गोळ्या दिल्या, मीठ-साखरेचं पाणी पाजत राहायला सांगितलं. ती पाजत राहिली. गिऱ्हाइकाला चहा द्यायचा, मला पाणी पाजायचं, शेळीला हाकलायचं, ही तिन्ही कामं सारखी चालू. उतार पडल्यावर मऊ भात आणि ओव्याचं कढण सुरू झालं. मी म्हटलं, आमच्याकडे याला पेज म्हणतात. ती म्हणाली, "नाव काही ठेव, ताट रिकामं कर." रस्त्यानं जाणारे ट्रकवाले, पाठीवर डोको, म्हणजे बांबूची टोपली, घेतलेल्या बाया, शाळेतली पोरं, सगळी चहाला थांबली की मला बघून जात. कुणी केळी ठेवायचं, कुणी संत्री. 'चंदीगडवाला बिरामी', चंदीगडचा आजारी, असं माझं नाव पडलं होतं. एक म्हातारी तर रोज येऊन माझ्या कपाळाला हात लावायची, काही न बोलता निघून जायची. मी कोण, कुठला, कुठल्या जातीचा, पंजाबातून आलेला, खरा की खोटा, याचं कुणालाच पडलं नव्हतं. आजारी आहे, एवढं पुरे होतं.

एका सकाळी डोळे उघडले तर दारात कुत्रा उभा. त्याच्या गळ्यात झेंडूचा हार, कपाळाला लाल टिळा. मला वाटलं ताप डोक्यात गेला. मी ओरडलो, "दिदी!" ती धावत आली. कुत्र्याकडे बोट दाखवलं तर हसून हसून खाली बसली. त्या दिवशी त्यांच्याकडे कुत्र्याची पूजा असते. आपल्याकडे तीच नरकचतुर्दशी. मी म्हटलं, आज आमच्याकडे पहाटे आंघोळ करून अंगणात कारीट फोडतात. कारीट म्हणजे काय हे सांगायला मला कडू काकडी, नरकासुर आणि डाव्या पायाचा अंगठा एवढं सगळं हिंदीत आणावं लागलं. तिला किती कळलं देव जाणे. वडिलांना मात्र तिनं सगळं नेपाळीत सांगितलं आणि दोघंही माझ्या पायाकडे बघून हसली.

तिचा नवरा काठमांडूत गाडीवर ड्रायव्हर होता, म्हणून ती वडिलांपाशी राहायची. आणि एक भाऊ. भावाचं बोलायला लागली की तिचा आवाज बदलायचा. "तुम्हारे उधर ही है. पंजाब में. पल्टन में." गोरखपूरला भरतीसाठी गेला, भरती झाला असं कळवलं, एकदा खाकी पँट आणि नवी ट्रंक घेऊन येऊन गेला. गावात मिठाई वाटली होती. त्यानंतर दोन तिहार, म्हणजे त्यांच्या दिवाळ्या, होऊन गेले, तो आला नाही. गेल्या वर्षापासून निरोपही नाही. रेडिओवर पंजाबच्या बातम्या लागल्या की वडील रेडिओ बंद करायचे आणि ती पुन्हा लावायची.

"तुम तो वहीं रहते हो. बहुत फौज है ना उधर?"

मी म्हटलं, आहे. पंचकुल्याच्या पुढे मोठी छावणी आहे.

"बस. वहीं होगा."

भाऊबीज आली. त्यांच्याकडची भाईटीका. तोवर मी उठून हिंडत होतो, दुकानात पेले विसळत होतो. तिनं मला विचारलं, तुमच्याकडे ज्या बहिणीचा भाऊ लांब असतो, ती काय करते? मी म्हटलं, चंद्राला ओवाळते.

"मग चंद्र जेवायला येतो का?"

"नाही."

"तर मग तू बस."

उंबऱ्याशी सारवून घेतलेलं. मला चटईवर बसायला सांगितलं. ती तेल आणि दूर्वा आणायला आत गेली. उंबऱ्यात तिनं एक अख्खा अक्रोड ठेवला होता आणि शेजारी दगड. आता मला वाटलं, अरे, माझ्यासाठीच ठेवलाय. कारीट मिळालं नाही म्हणून अक्रोड. एवढी आठवण ठेवली बाईनं! मी उठलो, "गोविंदा!" म्हणून ओरडलो आणि डाव्या पायाचा अंगठा दाबला. डोंगरी अक्रोड तो, लोखंडासारखा. अंगठा घसरला. मग टाच मारली. कळ मस्तकात गेली. अक्रोड टणकन उडून रस्त्यावर, शेळी त्याच्यामागे, मी एका पायावर नाचतोय, आणि दारात हातात तेलाची वाटी घेऊन ती. चहा पिणारे दोन ट्रकवाले बाकावर आडवे झाले. वडिलांना खोकला येईपर्यंत हसू आलं.

"अरे, वो मैं फोड़ती हूँ! पत्थर से! यमराज के लिए है!" ती म्हणत होती, आणि डोळे पुसत होती.

मग सगळं रीतीनं झालं. तिनं माझ्याभोवती तेलाची धार धरली, कपाळावर सात रंगांच्या टिकल्या एकाखाली एक उभ्या लावल्या, मखमली फुलांचा जांभळा हार घातला, नवा अक्रोड दगडानं फोडला. ताटात तांदळाच्या पिठाची तळलेली सेलरोटी आणि मिठाई. त्यांच्यात भाऊही बहिणीला टीका लावतो, पाया पडतो. मी पडलो. आणि मग माझ्या लक्षात आलं की ओवाळणी घालायला माझ्याकडे काही नाही. पैसे होते थोडे, पण तिनं आधीच डोळे वटारले होते. आमच्याकडे भावानं ताट रिकामं ठेवू नये. बरं झालेल्या माणसाच्या अंगात एक वेगळाच जोर असतो. मी म्हटलं, "दिदी, माझी ओवाळणी उधार नाही. तुझा भाऊ शोधून देतो. पुढच्या टीकेला तो इथे या चटईवर असेल."

ती हसली नाही. तिनं त्या शब्दाला पैशासारखं दोन्ही हातांनी कपाळाला लावलं. मग आणखी एक मखमली फुलांचा हार आणला. ही फुलं वाळली तरी रंग सोडत नाहीत. "ये उसको देना."

दोन दिवसांनी बस आली. पाजींनी मला उचलूनच घेतलं. "ओय, हा तर गोरा होऊन बसला! दिदी, काय खाऊ घातलं?" काकांनी पैशांचं पाकीट पुढे केलं. तिनं ते घेतलं नाही. पाजी तिच्यापुढे हात जोडून म्हणाले, "बहनजी, कधी चंदीगडला या." मीही म्हणालो. काकाही म्हणाले. ती म्हणाली, "आएँगे." पाजींनी बस सुरू केली आणि खालच्या आवाजात मला म्हणाले, "बोलावलं तर खरं. आली तर ठेवायचं कुठे रे? आपल्याकडे भाडेकरूची चौकशी महिनाभर चालते."

चंदीगडला परतलो आणि कामाला लागलो. रविवारी दुपारचं जेवण उरकलं की मी सायकल काढायचो. आमच्या जुन्या साहेबांचे एक मित्र छावणीत होते, मराठीच. त्यांना भावाचं पूर्ण नाव, वडिलांचं नाव, गाव, सगळं दिलं. त्यांनी मनापासून चौकशी केली. काही आठवड्यांनी बोलावून घेतलं, चहा दिला, आणि म्हणाले, "हे बघ, गुरखा पलटणींत या नावाचा, या गावचा कुणी नाही. इथे नाही, कुठेच नाही. तो भरती झालेलाच नाही."

मी म्हटलं, "साहेब, खाकी पँट होती."

"खाकी पँट बाजारात मिळते रे."

परतताना सायकल हातात धरून चालत आलो. वाटलं, इथेच सोडून द्यावं. पण शब्द ताटात टाकला होता.

मग मी नेपाळी माणसं विचारत हिंडायला लागलो. सेक्टरासेक्टरात, बंगल्यांच्या फाटकांवर, हॉटेलांच्या मागच्या दारी. कुठेही नाव सांगितलं की समोरचा म्हणायचा, "नाम-वाम का पता नहीं. बहादुर था एक." मालकांना सगळेच बहादुर. एका सरकारी बंगल्यात तीन वर्षं काम केलेल्या माणसाचं खरं नाव घरातल्या एकालाही सांगता येईना. आणि मी कोण मोठा लागून गेलो होतो? पंचकुल्यात एका नव्या सेक्टरच्या रखवालदाराला मीही लांबून हाक मारली, "ओ बहादुर!"

तो काठी टेकत आला. "मेरा नाम बहादुर नहीं है. मैं तुमको 'ए महाराष्ट्र' बोलूँ, चलेगा?"

मी माफी मागितली. दिदीच्या गावाचं नाव काढलं. त्याचा चेहरा सैल झाला, तो त्याच बाजूचा निघाला. भावाचं नाव ऐकल्यावर मात्र तो थांबला. मग म्हणाला, "फौज में? कौन बोला फौज में? पिंजौर जाओ. कालका रोड पे ढाबा है, पीछे देखना."

पुढच्या रविवारी पिंजौरला गेलो. ढाब्याच्या मागं एक माणूस पाठमोरा बसून राखेनं पातेली घासत होता. माझ्यापेक्षा वयानं मोठा, खांदे तिच्यासारखेच उतरते. मी त्याला त्याच्या पूर्ण नावानं हाक मारली. हातातलं पातेलं तसंच राहिलं. वळून बघायला त्याला फार वेळ लागला.

"किसने बताया ये नाम?"

मी हार काढून दिला. त्यानं हात पँटला पुसले, पुन्हा पुसले, तरी घेईना. मग घेतला, डोळ्यांना लावला आणि शर्टाच्या आत घातला.

तो दिवस आम्ही बोलत बसलो. छातीचं माप भरलं नाही म्हणून भरतीतून परत पाठवलं होतं. गोरखपूरच्या स्टेशनवरूनच त्यानं झालो म्हणून निरोप धाडला. एकदा जाऊन आला ते उसनी ट्रंक घेऊन. मग पंजाबात एका गावी तांदळाच्या गिरणीत लागला. तिथे रात्री बंदूकवाले येऊन गेले, बाहेरच्या मजुरांना म्हणाले, निघा. तो चालत निघाला, इथे येऊन थांबला.

मी म्हटलं, "चल ना घरी. दिदी काही म्हणायची नाही."

"दिदी नाही म्हणणार. वडील गावात मिठाई वाटून बसलेत. तू स्वयंपाकी आहेस, घरी काय सांगितलंस?"

आईला मी कळवलं होतं की सरकारी संस्थेत आहे. चुलीचं काही कळवलं नव्हतं.

तो म्हणाला, "तिला सांग, ड्यूटी बॉर्डरवर आहे. सुट्टी नाही."

"ते मी तिला नाही सांगणार."

"मग खरं सांगशील?"

"तेही मी कसं सांगू? तू सांग."

असं आम्ही पुष्कळदा बोललो. महिन्यातून एखादा रविवार मी जायचो. डाळीत गूळ घालून करून नेली एकदा, त्यानं तोंड वाकडं केलं आणि सगळी संपवली. हळूहळू तो मऊ पडत होता. उन्हाळ्यात म्हणाला, "तिहार को देखेंगे. तू चलेगा साथ? तू असशील तर जाईन. आधी तू घरात शीर, मग मी." मी म्हटलं, मी चालतो. सुट्टी मागून ठेवली मेसमध्ये. पाजींनाही सांगितलं, ते म्हणाले, सोनौलीपर्यंत ट्रकवाल्यांशी बोलून ठेवतो.

पावसाळ्याच्या शेवटी वातावरण पुन्हा बिघडलं. बसमधून उतरवून माणसं मारल्याच्या बातम्या आल्या. शहरात कर्फ्यू लागला, मेसमधून बाहेर पडता येईना. होस्टेलच्या मुलांना आठवडा-आठवडा डाळ आणि बटाटे. कर्फ्यू उठल्यावर पहिल्या रविवारी सायकल हाणत पिंजौर गाठलं, तर ढाब्याला कुलूप. शेजारच्या पंक्चरवाल्यानं सांगितलं, संध्याकाळनंतर गाड्याच थांबत नव्हत्या, मालक कंटाळून दिल्लीकडे गेला.

"आणि मागं भांडी घासणारा?"

"कौन, बहादुर? वो भी गया कहीं."

मी त्याचं नाव पंक्चरवाल्याला सांगितलं. त्यानं मान हलवली. नाव सांगून काय उपयोग होता, पण मला सांगितल्याशिवाय राहवलं नाही.

त्या तिहारला मी गेलो नाही. एकटा जाऊन काय सांगणार होतो? तुझा भाऊ सापडला, शिपाई नाही, आणि पुन्हा हरवला? पंचकुल्याच्या त्या रखवालदाराकडे, तो गावी निघाला तेव्हा, एवढाच निरोप दिला की भाऊ मला भेटला होता, जिवंत होता, हार त्याला पोचला. तो निरोप गेला की नाही कळलं नाही, कारण रखवालदार परत आलाच नाही. पुढे लग्न झालं, पोरं झाली, मेसचा मुख्य स्वयंपाकी झालो. पंजाबातलं सगळं शांत झालं. पोरं माझ्याशी हिंदीतच बोलतात, भाऊबीज म्हटलं की विचारतात, "पापा, राखी तो हो गई ना?" पाजी गेले. काकाही गेले. दिदीला चंदीगडला या म्हणणाऱ्यांतला मी एकटा उरलो. आम्ही सगळे तिच्या देशात एकदाच गेलो आणि तिनं दार उघडं ठेवलं. तिचा माणूस आमच्याकडे वर्षानुवर्षं राहिला, आणि त्याचं नाव हाकेला लावणारा मी एकटाच निघालो. तेही शोधायला म्हणून.

तिचे वडील आता नसतील. ती असेल. डोंगरातल्या बाया लवकर थकत नाहीत. भाऊ कधीतरी आपणहून घरी गेलाही असेल, मग मी उगाच इतकी वर्षं झुरलो असं ठरेल, आणि तसं ठरलं तर माझ्याइतका आनंद कुणाला होणार नाही. पण गेला नसेल, तर तिला त्याची शेवटची खबर देणारा जगात माझ्याशिवाय कुणी नाही. इतकी वर्षं मी सोबत कुणीतरी असेल तरच जायचं धरून बसलो होतो. आता तसं धरत नाही.

दिदी, तुझ्या ताटात मी जे टाकलं ते मला पुरं करता आलं नाही. पण जेवढं मला मिळालं तेवढं तुझं आहे. येत्या वर्षी मेसमधून सुटतोय. सुटलो की त्या वळणावर येईन, तू ओळखलं नाहीस तर माझ्या आईचं नाव सांगेन, आणि पिंजौरला तुझा भाऊ काय बोलला, काय जेवला, कसा हसला, ते सगळं खरं खरं तुझ्यासमोर बसून सांगेन. तू रागावलीस तर ऐकून घेईन. दुकानात पेले विसळायला ठेवलंस तर राहीन.